चौदा वर्षांची नर्तकी: मेणाची एक मूर्ती आणि तिच्या ब्राँझच्या लेकी

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, पॅरिसचं म्युझे द ओर्से, लंडनची टेट, कोपनहेगनची ग्लिप्टोटेक, ब्राझीलमधल्या साओ पावलोचं कलासंग्रहालय. या सगळ्या ठिकाणी एकच मुलगी उभी आहे. हात पाठीमागे नेऊन बोटांत बोटं अडकवलेली, उजवा पाय पुढे, दोन्ही पावलं बाहेर वळलेली, हनुवटी वर, डोळे अर्धवट मिटलेले. अंगाला ब्राँझ, कमरेला खऱ्या कापडाचा टुटू, म्हणजे बॅलेचा घेरदार झगा, केसांना खरी साटिनची फीत. उंची एक मीटरला जेमतेम सेंटिमीटरभर कमी, म्हणजे त्या वयाच्या मुलीच्या साधारण दोन तृतीयांश. खाली नाव लिहिलेलं असतं फ्रेंच चित्रकार एदगार दगाचं.

दगाने ही मूर्ती केली हे खरं, पण ब्राँझमध्ये नाही. त्याने ती मेणात केली आणि १८८१ साली एकदाच लोकांसमोर ठेवली. नंतरची छत्तीस वर्षं, मरेपर्यंत, तिची ब्राँझ प्रत काढली नाही. आज आपण जी ब्राँझची नर्तकी आधुनिक शिल्पकलेची खूण म्हणून ओळखतो, ती त्याच्या माघारी वारसांनी, एका शिल्पकार मित्राने आणि एका ओतशाळेने मिळून घडवली. मेणातून धातूत जाताना या मूर्तीचं काय टिकलं, काय गेलं आणि तो निर्णय कोणाचा होता, हे या प्रकरणात पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगते: ब्राँझने ही मुलगी जगभर पोचवली, पण तिच्यातली धग बरीच निववली. प्रत समोर असताना या दोन्ही गोष्टी ध्यानात असायला हव्यात.

पेटीतली मुलगी

१८८० च्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनाच्या सूचीत या मूर्तीचं नाव छापलं होतं, मूर्ती मात्र आलीच नाही. पुढच्या वर्षी सहावं प्रदर्शन भरलं तेव्हाही ती उशिरानेच पोचली. दगाने तिला काचेच्या पेटीत उभं केलं होतं. १८८१ चं पॅरिस असं काही पाहायला तयार नव्हतं. शिल्प म्हणजे संगमरवर किंवा ब्राँझ, आणि विषय म्हणजे देवता, वीर, फार तर एखादी अप्सरा, हा सलोंचा, म्हणजे पॅरिसच्या मान्यताप्राप्त कलाप्रदर्शनाचा, शिरस्ता. इथे रंगवलेलं मेण होतं, डोक्यावर माणसाचे खरे केस, अंगात खऱ्या कापडाची चोळी, मलमलीसारखा हलका टुटू आणि पायांत कापडी बॅलेचे बूट. केसांवर आणि चोळीवर दगाने मेणाचा पातळ थर फिरवला होता, त्यामुळे कापड कुठे संपतं आणि अंग कुठे सुरू होतं ते पटकन कळत नसे. फीत आणि टुटू तेवढे कोरडे, मोकळे.

आतलं काम त्याहून विलक्षण आहे. मूळ मेणाची मूर्ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिथे क्ष-किरणांनी तिची तपासणी झाली तेव्हा धातूच्या सांगाड्याभोवती दोर गुंडाळलेला दिसला, माती दिसली आणि चक्क रंगवायचे ब्रश दिसले. हाताला आधार हवा होता, समोर ब्रश पडले होते, ते घातले. शिल्पकाराची रीतसर तालीम झालेला माणूस सांगाडा असा बांधणार नाही. दगा चित्रकार होता. चित्रकाराच्या खोलीत जे हाताला लागेल ते त्याने कामाला लावलं. केसांसाठी तर बाहुल्यांचे टोप विकणाऱ्या बाईचा पत्ता त्याच्या वहीत सापडतो.

या मूर्तीची घडण कुठल्या परंपरेतली, असं विचारलं तर अकादमीकडे पाहून उत्तर मिळत नाही. देवळांतल्या आणि चर्चमधल्या कपडे नेसवलेल्या मूर्ती, नेपल्सचे नाताळचे देखावे, मेणाच्या पुतळ्यांची दालनं, वैद्यकीय महाविद्यालयांतले शरीररचनेचे मेणाचे नमुने आणि बाहुल्या, हे तिचं गोत. दगाचं आजोळघर नव्हे, पण वडिलांकडचे आजोबा नेपल्सलाच होते आणि तरुणपणी त्याची काही वर्षं इटलीत गेली. त्याला हे सगळं पाहून माहीत होतं. आपल्याला तर यात काहीच नवल वाटू नये. पंढरपुरात विठोबाला रोज पोशाख होतो, गावोगावच्या पितळी उत्सवमूर्ती शालू नेसून पालखीत बसतात, गोव्याच्या चर्चांतल्या सायबिणीला, म्हणजे मदर मेरीला, रेशमी झगा असतो. मूर्तीला कापड म्हणजे तिला जिवंत मानणं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पॅरिसच्या समीक्षकांना मात्र नेमकं तेच खटकलं. कापड देवाला चालतं, बाहुलीला चालतं, कलाकृतीला चालत नाही, असा तो न्याय होता.

पॉल मांत्झने 'ल ताँ' या दैनिकात त्या चेहऱ्यावर पशुवत उद्धटपणा पाहिला. इतरांनी माकडाची उपमा दिली. लेखक-समीक्षक युइस्मांस मात्र ठामपणे उलट बोलला: आपल्या माहितीत शिल्पकलेतला खरोखर आधुनिक असा हा एकच प्रयत्न आहे. दोन्ही बाजूंना मूर्तीतली तीच गोष्ट दिसत होती, फक्त एकाला तिची किळस आली आणि दुसऱ्याला तिच्यात पुढची वाट दिसली.

समीक्षकांवर सगळा दोष टाकणंही बरोबर होणार नाही. त्याच प्रदर्शनात दगाने खुनाच्या खटल्यातल्या तरुण आरोपींचे चेहरे 'गुन्हेगाराची मुद्रा' अशा नावाने लावले होते. कपाळाच्या उतारावरून आणि जबड्याच्या ठेवणीवरून गुन्हेगार ओळखता येतो, या समजुतीचा तो काळ. शेजारी अशी चित्रं आणि इकडे काचपेटीत मेणाची मुलगी, जणू संग्रहालयातला नमुना. ही मांडणी दगाची स्वतःची होती. त्याने त्या मुलीकडे करुणेने पाहिलं की थंडपणे, यावर अभ्यासक अजून एकमत नाहीत. मला वाटतं दोन्ही होतं. ताणलेल्या मानेत, पाठीमागे खेचलेल्या हातांत तालमीचा शीण इतक्या बारकाईने आला आहे की त्यामागे तासन्‌तास पाहणं आहे. पण पेटी ठेवणारा हातही त्याचाच.

मरी

मूर्तीमागची मुलगी मरी व्हान गोएथम, जन्म १८६५. आईवडील बेल्जियमहून पॅरिसला आलेले, वडील शिंपी, आई धुणं करणारी. तीन बहिणी आणि तिघीही ऑपेराच्या नृत्यशाळेत. पॅरिसमध्ये या मुलींना 'छोटे उंदीर' म्हणत. दगाने कोळशाने केलेल्या तिच्या अभ्यासचित्रांत घराचा पत्ता खरडलेला आहे, र्यू द दुएचा. त्याच्या स्टुडिओपासून चालत काही मिनिटांवर.

नृत्यशाळेत जाणं म्हणजे गरीब घराला मिळकतीची एक आशा. पहाटेपासून तालीम, परीक्षा पास झाली तर कोअर द बॅलेत, म्हणजे समूहात नाचणाऱ्यांच्या ताफ्यात, जागा, तीही तुटपुंज्या पगारावर. वास्तुकार गार्निएच्या नव्या ऑपेरागृहात, जे १८७५ मध्ये उघडलं, वर्गणीदार श्रीमंत पुरुषांना नर्तकींच्या दालनात मोकळा प्रवेश होता. दगाच्या कितीतरी चित्रांत कडेला काळ्या कोटातला एक गृहस्थ उभा असतो, तो हाच. मरीला १८८० मध्ये कोअर द बॅलेत घेतलं आणि १८८२ मध्ये तालमींना गैरहजर राहिल्याबद्दल काढून टाकलं. त्यानंतर तिची नोंद विरळ होत जाते. धाकटी बहीण लुईज-जोझेफिन मात्र ऑपेरात राहिली आणि पुढे तिथेच शिक्षिका झाली.

दगाने मरीचा नग्न अभ्यासही मेणात केला होता, साधारण पाऊण मीटरहून थोडा कमी उंचीचा. आधी अंग समजून घ्यायचं, मग त्यावर कपडे. अकादमीची जुनी शिकवणच ही. तेवढ्यापुरता तो परंपरेचा अगदी सरळ विद्यार्थी आहे.

ओतशाळेत

१८८१ नंतर मूर्ती स्टुडिओत परत गेली आणि तिथेच राहिली. अमेरिकेच्या कलासंग्राहक लुईझिन हॅवमायरला ती विकत हवी होती, १९०३ च्या सुमारास तिने प्रयत्न केला, जमलं नाही. दगाने मेणाचं काम मात्र थांबवलं नव्हतं. नजर अधू होत गेली तशी बोटं जास्त चालू लागली. घोडे, अंघोळ करणाऱ्या बायका, नाचणाऱ्या मुली. करायचं, मोडायचं, पुन्हा करायचं. ब्राँझचं नाव काढलं की तो नाही म्हणे. चित्रविक्रेता व्होलार याने नोंदवलं आहे की, ब्राँझमध्ये काही मागे ठेवणं ही फार मोठी जबाबदारी आहे, तो धातू चिरकालासाठी असतो, असं दगा म्हणत असे. मोजक्या दोनचार मूर्तींचे प्लास्टर साचे त्याने करून घेतले, इतकंच.

सप्टेंबर १९१७ मध्ये तो गेला. स्टुडिओत दीडशेच्या आसपास मेणाची आणि मातीची कामं निघाली, बरीचशी तुटकी, काही नुसते ढिगारे. वारसांनी १९१८ मध्ये एड्रियां एब्रारच्या ओतशाळेशी करार केला. दगाचा मित्र, शिल्पकार बार्तोलोमे याने निवड आणि डागडुजी केली. बहात्तर लहान मूर्ती ठरल्या. प्रत्येकीच्या बावीस प्रती: ए पासून टी पर्यंत अक्षरं घातलेल्या वीस विक्रीसाठी, एक वारसांना, एक ओतशाळेच्या मालकाला. पहिला संच, अक्षर ए, १९२१ मध्ये दाखवला गेला आणि तो हॅवमायरबाईंनी घेतला. तिच्यानंतर तो मेट्रोपॉलिटनला गेला. मोठी नर्तकी, म्हणजे आपली ही चौदा वर्षांची मुलगी, या हिशेबात नव्हती, तिच्या प्रती १९२२ च्या सुमारास निघू लागल्या आणि पुढली काही वर्षं निघत राहिल्या. आज माहीत असलेल्या प्रतींचा आकडा पंचवीसच्या पुढे जातो.

ओतकाम कसं झालं ते जरा थांबून पाहण्याजोगं आहे, कारण सगळा वाद तिथेच आहे. मेण गाळून ओतायची रीत मराठी वाचकाला परकी नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त ती सविस्तर दिली आहे. मेणाची मूर्ती करायची, तिला नळ्या लावायच्या, मातीचे लेप द्यायचे, भट्टीत मेण वितळवून काढायचं, पोकळीत रस ओतायचा, आणि मेणाचं वजन आधी केलेलं असलं की धातू किती लागेल ते कळतं. आपल्याकडच्या ओताऱ्याच्या या रीतीत मेणाची मूर्ती एकदाच जन्माला येते आणि भट्टीत जाते. तिच्या जागी धातूची येते, तीही एकच.

एब्रारच्या ओतशाळेत हे परवडणारं नव्हतं. मूळ मेण गेलं आणि ओतकाम फसलं तर दगाच गेला. शिवाय बावीस प्रती हव्या होत्या. मुख्य ओतारी अल्बिनो पालात्सोलो याने मधला मार्ग काढला. मूळ मेणावर जिलेटिनचा लवचीक साचा, त्यातून मेणाची दुसरी प्रत, ती गाळून ब्राँझचा एक 'नमुना', आणि मग त्या ब्राँझ नमुन्यावर साचे घेऊन विक्रीच्या प्रती. मोठ्या नर्तकीच्या वेळी प्लास्टरची मधली पायरी घेतली. तिचं एक प्लास्टर वॉशिंग्टनलाही आहे. म्हणजे संग्रहालयातली प्रत मूळ बोटांपासून निदान दोनतीन साच्यांच्या अंतरावर असते. ब्राँझ थंड होताना आकसतं, त्यामुळे प्रत्येक पिढीत मूर्ती किंचित लहान होते. कडा किंचित गोल होतात. मेणावर उमटलेले अंगठ्याचे ठसे धातूत येतात, पण झाकोळून.

आणि एक गोष्ट तर येतच नाही. मेणात केस वेगळे होते, चोळी वेगळी, बूट वेगळे, त्वचा वेगळी. साच्याला हे भेद ठाऊक नसतात. त्याला फक्त पृष्ठभाग कळतो. चोळी, बूट आणि केस तिन्ही एकाच धातूचे झाले. पालात्सोलोने रसायनांनी रंगछटा दिल्या, चोळी पिवळसर, बूट थोडे वेगळे, वेणी गडद. मेट्रोपॉलिटन आपल्या प्रतीचं वर्णन 'अंशतः रंगछटा दिलेलं ब्राँझ, सुती झगा, साटिनची फीत' असंच करतं. हे काम अतिशय कुशल आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण १८८१ मध्ये लोक जे पाहून दचकले ते, माणूस की वस्तू हा पेच, ब्राँझने सोडवून टाकला. ब्राँझ म्हटलं की शिल्प. शंका संपली.

मूळ मेण भट्टीत नष्ट झालं असंच बरीच वर्षं समजलं जात होतं. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या क्नोडलर गॅलरीत ती मेणं अचानक लोकांसमोर आली. अमेरिकन संग्राहक पॉल मेलनने ती घेतली आणि पुढे बहुतेक वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला दिली. मेणाची नर्तकी त्याच्या मृत्यूनंतर १९९९ मध्ये तिथे पोचली. एप्रिल २०२३ मध्ये हवामान आंदोलकांनी तिच्या काचपेटीला आणि चौथऱ्याला लाल-काळा रंग फासला. आतलं मेण पेटीमुळे वाचलं. दुसरा शोध त्याहून गुपचूप झाला. ज्या ब्राँझ नमुन्यांवरून सगळे साचे घेतले होते तो संच १९७६ मध्ये लंडनच्या लेफेव्र गॅलरीत दिसला आणि अमेरिकन उद्योगपती नॉर्टन सायमनने विकत घेतला. आज तो कॅलिफोर्नियात पासाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. मूळ मेण, मधला नमुना आणि विक्रीची प्रत शेजारी ठेवून तपासता येणं हे शिल्पाच्या इतिहासात फार थोड्या कामांच्या वाट्याला येतं.

टुटूचा निर्णय

ब्राँझमध्ये सगळं गोठलं, एक टुटू सोडून. कापड झिजतं, पिवळं पडतं, फाटतं, आणि दर काही दशकांनी कोणीतरी नवा शिवायला घेतं. म्हणून प्रत्येक संग्रहालयातल्या मुलीचा टुटू वेगळा आहे. कुठे मांडीवरच संपणारा आखूड, कुठे चुरगळून तपकिरी झालेला, कुठे पांढराशुभ्र. दगाच्याच चित्रांत त्या काळच्या नर्तकींचे झगे गुडघ्यापर्यंत येतात, थरांचे, फुललेले. आखूड, तोकड्या टुटूमुळे मूर्ती अधिक केविलवाणी दिसते. ते दिसणं विसाव्या शतकाने तिच्यावर चढवलेलं आहे, पण अनेकांना तेच 'खरं दगा' वाटू लागलं.

मेट्रोपॉलिटनने २०१८ मध्ये आपल्या प्रतीसाठी नवा टुटू करवला. १८८० च्या ऑपेराच्या पोशाखाचा अभ्यास करून तो अधिक लांब आणि भरीव केला गेला. नव्याने पाहिलं की मुलीचा तोल बदलतो. पाय कमी दिसतात, कमरेखाली वजन येतं, पाठीमागचे हात टुटूच्या कडेशी टेकल्यासारखे होतात आणि उभं राहणं तालमीतलं वाटू लागतं, प्रदर्शनातलं कमी. मला हा निर्णय पटतो. जुना टुटू जपून बाजूला ठेवावा, त्याचाही इतिहास आहे, पण मूर्तीवर दगाच्या काळचा असावा. आणि कोणत्या वर्षी शिवला ते लेबलवर छापावं. बहुतेक ठिकाणी छापत नाहीत, ही खटकणारी गोष्ट आहे. चित्रावर डागडुजी झाली तर नोंद होते. इथे मूर्तीचा अर्धा भाग कमरेपासून बदलतो आणि पाहणाऱ्याला पत्ता नसतो.

प्रत म्हणजे काय

फेब्रुवारी २००९ मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात एक प्रत सव्वातेरा दशलक्ष पौंडांना गेली. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजमध्ये दुसरी चार कोटी सोळा लाख डॉलरना. ज्या वस्तूला दगाचा हात लागला नाही, तिची ही किंमत. कोणी याला थेट फसवणूक म्हणतं. मी म्हणणार नाही. करार उघड होता, शिक्के होते, संख्या बांधलेली होती. फ्रान्समध्ये पुढे नियम झाला की आठ क्रमांकित आणि चार कलाकाराच्या अशा बारा प्रतींपर्यंतच मूळ समजायचं. एब्रारच्या काळी बंधन व्यवहाराचं होतं, कायद्याचं नव्हतं.

माझी तक्रार लेबलांशी आहे. 'एदगार दगा, १८८१, ब्राँझ' असं लिहिलं की तीन शब्दांत तीन काळ एकत्र मिसळतात. लेबलवर मेणाचं वर्ष वेगळं हवं, ओतकामाचं वेगळं, ओतशाळेचं आणि पालात्सोलोचं नाव हवं, आणि मरी व्हान गोएथमचं नाव तर हवंच हवं. ती काही अनामिक 'मॉडेल' नाही. तिचं घर, तिचं काम, तिची नोकरी गेल्याची तारीख, सगळं कागदावर आहे. काही संग्रहालयांनी अलीकडे हे करायला सुरुवात केली आहे.

परदेशात कुठे ही मूर्ती पाहायला मिळाली तर समोरून एकदा पाहून झाल्यावर मागे जा. बोटांची गुंफण नीट पाहा, तिथे मेणातली दगाची घाई सगळ्यात जास्त शिल्लक राहिली आहे. मग चौथऱ्याच्या कडेला दगाची सही आणि एब्रारच्या ओतशाळेचा शिक्का शोधा; काही प्रतींवर अक्षरही असतं. आणि टुटूची शिवण जवळून पाहून तिथल्या माणसाला विचारा की हा कधी शिवला.